आई-बाबा, घर भाड्याचं नाही

सातारा,
रविवार, 22 जून, रात्री साडेअकरा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना बरोबर आहे का बघा. चौथीत असताना मामाच्या कार्डावर 'शिरसाष्टांग' चुकलं म्हणून तुम्ही अख्खं कार्ड पुन्हा लिहायला लावलं होतं, आणि पंधरा पैसे वाया घालवले म्हणून आई तुमच्यावरच उखडली होती.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पण फोनवर काय होतं? बाबा उचलतात, "बरं आहे, हे बघ, हिच्याशी बोल" म्हणून आईकडे देतात. आई भाजी काय केली ते विचारते, तोवर कुकरची शिट्टी होते आणि सांगायचं ते राहून जातं. राहून कसलं जातं, मीच सांगत नाही. तीन महिने झाले.

तर ते आधी सांगते. हे घर भाड्याचं नाही. घेतलंय.

पाडव्याला बुकिंग केलं, एप्रिलमध्ये नोंदणी झाली. "बँक भाडं देतेय, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. अभय पहिल्यापासून म्हणत होता, सांगून टाक. नंतर नंतर म्हणाला, "मी बुधवारी तुझ्या आईच्या हातची आमटी खातो आणि खोटं बोलतो, मला ते पचत नाही." म्हणून त्याच्यावर रागावू नका. आपल्या देवळात चोर गणपती बसतो ना, चतुर्थीच्या आधीच, ना वाजंत्री ना काही, तसं हे घर झालंय. गणपतीला निदान परंपरा आहे. मला कसलं निमित्त होतं?

आता कारणं. ऐकाल तर पटतील, नाही पटली तरी ऐकून घ्या. साताऱ्याच्या बदलीसकट आलेलं प्रमोशन नाकारलं असतं तर पुढची काही वर्षं कुणी विचारलं नसतं, आणि मी बेचाळीसची आहे. आम्हा स्टाफला घरकर्ज कमी व्याजानं मिळतं, ते न घेता सांगलीत विश्रामबागला आणखी भाडं भरत राहणं म्हणजे मूर्खपणा. अकरा वर्षं भरलंच की. दुसरं, अभयला इथल्या एमआयडीसीत काम मिळतंय, दिवाळीपर्यंत होईल. तोवर तो सोमवार ते शनिवार कुपवाडलाच. तिसरं, ओवी आता आठवीत. दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची, त्यापेक्षा आत्ता बदललेली बरी. हे सगळं खरं आहे आणि मी तुम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलेलंही आहे. पण बाबा, तुम्ही कुपवाड रोडचा तो प्लॉट दोन वेळा सायकलवरून जाऊन बघून आला होता, त्याचा सातबारा काढून ठेवला होता. ती फाईल टीव्हीखालच्या कप्प्यात अजून आहे, मला माहीत आहे. त्या फाईलमुळे माझी जीभ रेटली नाही. दुसरं कारण नव्हतं.

दादाला अजून बोलले नाही. तुमच्या आधी त्याला कळायला नको होतं.

गुरुवारचं पण लिहिते. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत आणि तेच मला लागून राहिलंय.

शाळा 16 तारखेला सुरू झाली. व्हॅनवाल्याचं ठरलं नव्हतं, म्हणून पहिला आठवडा सोहमला आणायचं-न्यायचं मी आणि शेजारच्या ताई मिळून करत होतो. ताईंना वाटलं आज मी जाणार, मला वाटलं त्या जाणार. सध्या आमच्याकडे खरिपाच्या पीककर्जाची गर्दी आहे, 30 जूनच्या आत जुनं-नवं करायला लोक काउंटरवर लांबच लांब रांगेत उभे असतात. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अंगठा घेत होते. अडीच वाजले, पावणेतीन वाजले, पोरगं डोक्यातच नाही. मोबाइलवर बाबांचा फोन. दुपारी बाबा कधी फोन करत नाहीत. मला वाटलं आईला काही झालं. हात गार पडले.

"सोहम शाळेच्या गेटवर आहे," तुम्ही म्हणालात. "वॉचमनशी बोललो मी. माणूस बरा वाटतो. सावकाश जा, गाडी जोरात हाणू नकोस."

त्या पोराला माझा नंबर पाठ नाही, अभयचा नाही. तुमचा आहे. सांगलीत रोज तुम्हीच न्यायचात, उशीर झाला तर फोन कर म्हणून तुम्हीच त्याच्याकडून घोकून घेतलेला. सव्वाशे किलोमीटरवरून सुद्धा पोरगं शाळेतून तुम्हीच आणलंत. मी गेले तर तो वॉचमनच्या स्टुलावर बसून पार्लेजी खात होता आणि त्याला सांगलीच्या आयर्विन पुलाला किती कमानी आहेत ते सांगत होता. रडला वगैरे नव्हता. मी लॉकररूममध्ये रडले, नंतर.

तुम्ही "एवढंही जमत नाही का" म्हणाला असता तर बरं झालं असतं. आता सांगते, व्हॅन ठरलीय, सकाळी सात-दहाला येते. माझा आणि ताईंचा दोन्ही नंबर त्याच्या वहीवर, बॅगेवर, वॉटरबॅगवर लिहिलाय. पाठही करून घेतेय, पण म्हणायला सांगितला की आधी तुमचाच येतो.

बाकी घर लागत आलंय. मेमध्येच पाऊस लागला ना यंदा, सामान उतरवताना गाद्यांचं एक टोक भिजलं, बाकी सगळं सुखरूप. ओवीनं खोक्यांवर नावं घातली होती. चार खोक्यांवर 'इतर' लिहिलंय. किसणी अजून 'इतर'मध्येच कुठंतरी आहे. आई, तू दिलेलं पितळी घंगाळ बाल्कनीत आहे, त्यात सध्या छत्र्या ठेवतो. ओरडू नकोस, नंतर घासून आत घेते. नळाला सकाळी पाणी येतं, तेव्हा मी भरते, अभय असला की अभय. गॅस बदलून झाला, पत्ता बदलायचं चाललंय, रोज एक कागद कमी पडतो. बँकेत बसून लोकांना कागद मागणारी मी, आता दुसऱ्या बाजूला उभी राहून कळतंय.

आता आई, तुला एक गंमत. ओटा दोन इंच खाली घेतलाय. विश्रामबागला तू पाटावर उभी राहून पोळ्या लाटायचीस, एकदा पाट सरकून पडता पडता वाचलीस, ते माझ्या डोक्यात होतं. बिल्डरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, तुम्हालाच वाकायला लागेल. वाकते. अभयची कंबर दुखते भांडी घासताना, दुखू दे.

तुमची खोली पूर्वेला आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पावसात अर्धा ढगात असतो. बाबांच्या खुर्चीला जागा ठेवलीय, दुसरं काही तिथं येऊ दिलेलं नाही. संडासात कमोड आहे आणि भिंतीला स्टीलचा दांडा बसवलाय, हात लावून बघितला, हालत नाही. दुसरा मजला, लिफ्ट आहे, लाइट गेली तर जनरेटरवर चालते. बाबांचा पेपर इथंही येतो, फक्त आवृत्ती साताऱ्याची. दूध म्हशीचं, साय धरते. सांगलीपेक्षा इथं थंडी जास्त, म्हणून आईच्या गोधड्यांपैकी निळी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. शेजारच्या ताईंच्या सासूबाई मिरजेच्या. आई, तासाभरात तुमचं कुणीतरी नात्यातलं निघेलच.

अजून वास्तुशांत केलेली नाही. नुसतं दूध उतू घातलंय. गुरुजी विचारतात कधी, मी म्हणते वडील ठरवतील. बाबा, दाते पंचांग काढा आणि दिवस बघा. तो तुम्हीच बघायचा.

आणि आता नदी.

बाबा, खरं कारण बँक नाही, शाळा नाही, व्याजदर नाही. 2005 ला मी होस्टेलवर होते, मला नुसतं ऐकू आलं. आजीची पेटी गेली, तुमच्या सौद्यांच्या जुन्या वह्या गेल्या. पण 2019 ला मी होते. आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. तुम्ही तिसरी पायरी बुडेपर्यंत निघाला नाहीत. आई बोटीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर देव होते आणि देवांवर प्लॅस्टिकची पिशवी. नंतर घरी परत गेलो तर भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती. 2021 ला परत. दोन्ही वेळा तुम्हाला आणायला विश्रामबागेत घर होतं, म्हणून मी अकरा वर्षं भाडं भरलं. इतका साधा हिशोब आहे. त्या प्लॉटवर घर बांधलं असतं तरी दर ऑगस्टमध्ये मी मोबाइलवर आयर्विनचा आकडाच बघत बसले असते.

तुम्हीच मला लहानपणी पुलावर नेऊन दाखवायचात. खांद्यावर बसवून. खाली पाणी लाल, त्यात ऊस, ओंडके, एकदा आख्खं गवताचं छप्पर. हरिपूरला वारणा फुगली की कृष्णेला पुढं जायला वाट मिळत नाही, म्हणून ती आपल्या अंगावर येते, हे तुम्ही सांगितलेलं. मला तेव्हा वाटायचं दोन बायका बोळातून जाताना अडकल्यात. मी घट्ट तुमचे केस धरायचे आणि तुम्ही म्हणायचात, "टक्कल पडेल मला." पडलंच की.

आता तीच नदी आधी माझ्याकडून जाते. माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, मग तुमच्याकडे. आमचं घर नदीपासून लांब आहे आणि पुष्कळ वर. तुम्ही वहीत कोयनेचा साठा लिहिता ना, 105 टीएमसीपैकी किती, तो लिहीत राहा. पण यंदा इशाऱ्याच्या 40 फुटांची वाट बघायची नाही. आकडा 30 झाला की निघायचं. घर सोडा म्हणत नाही मी. ते तुमचंच आहे, तिथंच राहायचं तर राहा. पावसाळ्यापुरतं या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, गणपतीला परत जा. सांगलीत गणपतीला नसणं तुम्हाला जमणार नाही, मलाही नाही. आपण सगळेच जाऊ.

एस.टी.नं या म्हणत नाही, अभय गाडीनं आणेल. पण आलातच तर बाबांना तिकीटच नाही, 75 पूर्ण झालीत, आईला निम्मं. आधारकार्ड सोबत ठेवा. पेठ नाक्याला गाडी थांबली की काही खायचं नाही. मागच्या वेळी वडा खाल्लात आणि कराडपर्यंत आईनं तुम्हाला ऐकवलं.

आता ऐका, यात सूट नाही.

आई, पायाला सूज आहे हे मला अभयकडून कळलं. तो चुगली करत नाही, मी उकरून काढते. बी.पी.च्या काही गोळ्यांनीही अशी सूज येते, दुसऱ्या कारणानंही येते. म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, शेजारणीची तर मुळीच घ्यायची नाही. बुधवारी अभयबरोबर डॉक्टरांकडे जायचं, मी नंबर लावलाय. बाबा, गुळाचा चहा साखरेच्या हिशोबात धरत नाही असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत म्हणे. गूळ म्हणजे साखरच. सकाळी घाटावर फिरायला जाणं बंद केलंत तेही कळलंय. शेवाळामुळं पाय घसरतो म्हणून घाट बंद केला असेल तर बरोबर आहे, पण मग देवळापर्यंत तरी जा. माळ्यावर चढायचं नाही. दोघांनीही. देवांची पेटी, घराचे कागद आणि ती प्लॉटची फाईल एका पिशवीत भरून वरच्या मजल्यावर ठेवा, आत्ताच. फाईल टाकू नका. मला हवी आहे.

फार हुकूम सोडले का? बँकेत दिवसभर तेच करते, घरी येऊन तोंड तेच वळण धरतं.

अभय पहाटे निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि कंदी पेढे देतेय. घर घेतल्याचे पेढे आहेत, उशिराचे. बाबांना एक. अर्धा-अर्धा करून चार वेळा नाही, एकच. आई, तू दोन खा.

सोहमनं खाली काहीतरी काढलंय, ते आयर्विन पूल आहे म्हणतो. कमानी मोजून बघा आणि चुकल्या असतील तर त्याला फोनवर सांगा, त्याची फार इच्छा आहे.

तुमची
बाळी

ता. क. बाबा, राग आला असेल तर "हिच्याशी बोल" म्हणून फोन आईकडे द्यायचा नाही. पत्र लिहा, शनिवारी अभय आणेल. माझ्या चुकांवर लाल पेनानं खुणा करून हेच परत पाठवलंत तरी चालेल. आणि आई, पेढ्यांचा डबा रिकामा परत पाठव म्हणून मी कितीही सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस, तर भडंगात लसूण जरा जास्त घाल. ओवीला इथलं आवडत नाही.