शुक्रवारी सहाच्या आत 'नाही' कळवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढी ओळख फोनवरच्या त्या सहा मिनिटांत झाली आहे. कंपनीचंही नाव नको. चाकणच्या ज्या कारखान्यात तुम्ही पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन, बघता, तिथे नोव्हेंबर 2023 मधल्या एका बुधवारी इंटरव्ह्यूला नकाशाची गुंडाळी घेऊन आलेली मुलगी आठवत असेल तर ती मीच. सिक्युरिटीवाल्या दादांनी ती गुंडाळी उघडून बघितली होती आणि "एवढा जांभळा रंग कशाला?" असं विचारलं होतं. जांभळा म्हणजे औद्योगिक, पिवळा निवासी, हिरवा शेती, असं मी त्यांना गेटवर उभं राहून समजावलं. त्या दिवशीचा इंटरव्ह्यू खरं तर तिथेच सुरू झाला होता.

परवा मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. वर्षभराची ट्रेनीशिप संपली, आता मी रांजणगावच्या एका कंपनीत मटेरियल प्लॅनर आहे, पक्की. एचआरनं पाकीट हातात दिलं तेव्हा आधी आईला फोन करायला हवा होता. पण मला आठवला तो तुमचा फोन, ज्यावर तुम्ही मला नोकरी दिली नव्हती, नाकारली होती.

त्याआधीची दोन वर्षं कशी गेली ते थोडं सांगते, नाहीतर एका नकाराचं एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल.

मी नियोजन शिकले. घराचं नाही. कराडला आमचे काका अजूनही विचारतात, "मग आमच्या गच्चीवरच्या खोलीचा प्लॅन कधी काढून देतेस?" मी शिकले ते शहरांचं आणि प्रदेशाचं: कुठे शेती राहू द्यायची, कुठून रस्ता न्यायचा, वीस वर्षांनी इथे माणसं किती असतील आणि त्यांना पाणी कुठून येईल. या कामाची देशाला गरज नाही असं कोणी म्हणत नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे की राज्यांच्या नगररचना विभागांत बारा हजारांवर नियोजनकार लागतील, मंजूर पदं चार हजारही नाहीत, आणि त्यांतलीही 42 टक्के रिकामी. हे आकडे मला तोंडपाठ होते, कारण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, परीक्षेचा अभ्यास करत, मी त्याच रिकाम्या खुर्च्यांची वाट बघत होते. जाहिरात निघणार, निघणार. अभ्यासिकेतला माझ्या शेजारचा मुलगा या वाटेवर तीन वर्षं माझ्या पुढे होता. त्याच्याकडे बघितलं की पोटात गोळा यायचा.

त्याआधी दीड वर्ष एका सल्लागाराच्या ऑफिसात काढलं. एका प्रादेशिक योजनेसाठी जमीन वापराची पाहणी. गावागावांत जायचं, गट नंबर बघायचा, तिथे खरंच ऊस आहे की गोदाम उभं राहिलंय ते टिपायचं, संध्याकाळी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग भरायचे. काम मला मनापासून आवडायचं. पगार बारा हजार, आणि शेवटच्या तीन महिन्यांचा तोही नाही. "बिल पास झालं की कळवतो" हे त्या मालकांचं शेवटचं वाक्य. माझे छत्तीस हजार अजून बाकी आहेत. ते हे वाचत असतील तर खाते क्रमांक बदललेला नाही.

मग मी नोकरीच्या साइटवर नुसतं 'प्लॅनर' असं टाकून शोधायला लागले. फायनान्शियल प्लॅनर, मीडिया प्लॅनर, वेडिंग प्लॅनर, प्रॉडक्शन प्लॅनर, डिमांड प्लॅनर. त्यांत शहराचा प्लॅनर कुठेतरी तिसऱ्या पानावर, अनुभव आठ वर्षं. मी लग्नं सोडून सगळीकडे अर्ज केले. नऊ ठिकाणी बोलावणं आलं. एका ठिकाणी साहेबांनी माझा रिझ्यूमे वाचून विचारलं, "लँड यूज म्हणजे प्लॉटिंगचं काम ना? मग एजंटगिरी सोडून इकडे कशाला?" दुसरीकडे दोन तास बसवून ठेवलं आणि पाच मिनिटांत उठवलं. सगळीकडे निघताना एकच शब्द मिळाला, कळवतो. नऊपैकी एकानंही कळवलं नाही. मी फोन केले तर "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." त्या मॅडम कोणती योजना आखत होत्या कोण जाणे, मीटिंग काही संपली नाही.

तुमच्याकडचा इंटरव्ह्यू दहावा.

तुम्ही माझा नकाशा टेबलावर पसरायला सांगितलात. हे आधी कोणी केलं नव्हतं. मग विचारलंत, लोकसंख्येचा अंदाज कसा काढता. मी सांगितलं, मागच्या जनगणनांचे आकडे घेऊन अंकगणिती पद्धत, भूमितीय पद्धत, वाढीव वाढीची पद्धत, तिन्ही लावून बघतो. "शेवटची मोजणी कधीची?" मी म्हटलं, 2011 ची, 2021 ची झालीच नाही. तुम्ही चष्मा काढलात.

"म्हणजे बारा वर्षं स्टॉक मोजलेला नाही, आणि पुढच्या वीस वर्षांचं शेड्यूल लावताय?"

मी हसले. इंटरव्ह्यूत हसण्याची ती माझी पहिली वेळ. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "हसू नका, आमच्या स्टोअर्सची पण तीच तऱ्हा आहे."

मग एक्सेलचं गणित दिलंत. एका गाडीला कोणते पार्ट किती लागतात त्याची यादी, पुढच्या चार आठवड्यांची मागणी, शिल्लक साठा. कुठला पार्ट कधी कमी पडेल ते काढा. मी मागणीतून शिल्लक वजा केली आणि मोठ्या ऐटीत शीट तुमच्याकडे सरकवली. तुम्ही एका रकान्यावर बोट ठेवलंत: ऑर्डर दिलेला, व्हेंडरकडून निघालेला, वाटेत असलेला माल. तो मी धरलाच नव्हता. जे ट्रकमध्ये आहे तेच मी परत मागवत होते.

निघताना तुम्ही म्हणालात, "शुक्रवारी सहापर्यंत कळवतो." मी मनात म्हटलं, झालं, दहावे.

शुक्रवारी पाच चाळीसला अभ्यासिकेच्या जिन्यात फोन वाजला. मागून मशीनचा आवाज येत होता, म्हणजे तुम्ही शॉप फ्लोअरवरूनच बोलत होता. तुमची वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात. "मॅडम, सहाच्या आत सांगतो म्हटलं होतं. आम्ही तुम्हाला घेत नाही आहोत. मला सोमवारी लाइनवर उभा राहील असा माणूस पाहिजे, तीन वर्षं केलेला एक मिळालाय. तुमचं गणित चुकलं, पण ते दोन महिन्यांत शिकता येतं. विचार करण्याची पद्धत चुकलेली नाही."

मी "थँक यू सर" म्हणून फोन ठेवणार होते. तुम्ही म्हणालात, "पेन आहे का?"

अभ्यासिकेच्या जिन्यात पेनला काय तोटा. कोणाच्या तरी चालू घडामोडींच्या मासिकाच्या मागच्या पानावर मी लिहून घेतलं: बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या पार्टची यादी), लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ), सेफ्टी स्टॉक (अडचणीसाठी ठेवलेला जादा साठा), रीऑर्डर पॉइंट (साठा किती उरला की परत मागवायचं), एमआरपी (किंमत नव्हे, कोणता माल कधी लागेल ते काढणारी पद्धत), एबीसी अ‍ॅनालिसिस (महत्त्वानुसार मालाची वर्गवारी), एमओक्यू (कमीत कमी किती मागवावं लागतं). "हे सात शब्द आले की इंटरव्ह्यूत कोणी तुम्हाला बाहेरचं म्हणणार नाही." आणि शेवटी, "रिझ्यूमेतली ती प्रादेशिक योजना काढू नका. पण खाली लिहा, किती गावं, किती दिवसांत, किती माणसं लावून माहिती गोळा केली. आम्हाला तेवढंच कळतं."

मी त्या संध्याकाळी रडले, हे कबूल करते. पण रडून झाल्यावर झोप लागली. नऊ ठिकाणच्या 'कळवतो'नंतर एकदाही अशी लागली नव्हती. कारण तिथे रोज सकाळी आशा उठून बसायची: आज येईल फोन, आज नाही तर सोमवारी. मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जायचे मी. तुमच्या नकारानं मला माझा शनिवार परत दिला.

याचा अर्थ नोकरीत आल्यावर जास्त कळला. आमचे दोन व्हेंडर आहेत. एकजण मंगळवारीच सांगतो, "मॅडम, गुरुवारी अर्धाच माल देईन, डाय तुटलाय." मी चिडते, बोलते, मग शेड्यूल फिरवते, दुसरं मॉडेल पुढे घेते, लाइन चालू राहते. दुसरा अतिशय गोड माणूस. "गाडी निघालीये, निघालीच." गाडी कुठेही निघालेली नसते आणि गुरुवारी दुपारी चाळीस माणसं हाताची घडी घालून उभी असतात. आमच्या रेटिंगच्या शीटमध्ये 'वेळेवर दिला का' हा रकाना आहे, 'वेळेत सांगितलं का' हा नाही. मी माझ्यापुरता तो घातलाय. साध्या सभ्यपणाचा रकाना म्हणा. माणसं वाईट नसतात हो, त्यांना 'नाही' म्हणायचं जिवावर येतं; पण त्यांचा तो जीव वाचावा म्हणून दुसऱ्याचा टांगणीला लागतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. सात शब्दांना दोन महिने नाही, अडीच लागले. फेब्रुवारीत मी इथे लागले आणि पहिल्याच आठवड्यात लीड टाइम म्हणजे काय ते समुद्रानं शिकवलं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यामुळे युरोपातून येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती. न्हावाशेव्याला येणारा आमचा एक जर्मन पार्ट दोन आठवडे उशिरा. सिस्टिममध्ये मात्र जुनाच लीड टाइम भरलेला, आणि एमआरपी बिचारं त्यावर विश्वास ठेवून बसलेलं. तुम्ही बोट ठेवलेला तो 'वाटेत असलेला माल' असा नकाशावर बघायला मिळाला.

आणि नकाशा सुटला नाही, सर. आल्फ्रेड वेबरचा 1909 चा सिद्धांत, कच्चा माल, बाजारपेठ आणि वाहतुकीचा खर्च यांच्यामध्ये कारखाना कुठे बसवावा, हा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. गेल्या दिवाळीच्या सुमाराला इथे गोदाम भिवंडीला घ्यावं की पुण्याजवळ यावर बैठक होती. जीएसटी आल्यापासून राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज कमी झाली, त्यामुळे एकच मोठं कुठे, हा प्रश्न. मी वेबरच्या सिद्धांतातला तोच त्रिकोण फळ्यावर काढला. त्याचं नाव घेतलं नाही, घेतलं असतं तर चहा येईपर्यंत कोणी ऐकलं नसतं. पण मागच्या बाकावरून निर्णयाच्या टेबलापर्यंत मला त्या जुन्या त्रिकोणानं नेलं.

तुमच्या भागातल्या तळेगाव चौकासाठी मी आमच्या गाड्यांच्या वेळेत पाऊण तास जादा धरते. पुणे-नाशिक रस्ता, तळेगाव-शिक्रापूर रस्ता, एमआयडीसीचे कंटेनर, गावातली दुचाकी, सगळं एकाच चौकात. कारखाने आले त्या वेगानं रस्ते आले नाहीत, आणि त्याचा हिशेब आता माझ्या शेड्यूलमध्ये येतो. जमिनीचं नियोजन फसलं की ते सेफ्टी स्टॉक होऊन स्टोअर्समध्ये पडतं. हे वाक्य मी आमच्या प्लँट हेडना ऐकवलं तर ते म्हणाले, "आधी उद्याची शॉर्टेज लिस्ट दाखवा."

अभ्यासिकेतला तो शेजारचा मुलगा अजून तिथेच आहे. त्याच्या मासिकाचं मागचं पान मी फाडलं होतं, हे त्याला अलीकडेच सांगितलं. तो म्हणाला, मलाही ते सात शब्द पाठव. पाठवलेत. परीक्षा सोडू नकोस, पण हेही करून बघ, म्हटलं. तुमचा नंबर मात्र दिलेला नाही, घाबरू नका.

एक राहिलं. मागच्या वर्षी जॉइन झाल्यावर मी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन तुमच्या गेटवर आले होते. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता, आणि खाण्याची वस्तू आत न्यायला परवानगी नाही म्हणाले. मग मी आणि त्या सिक्युरिटीवाल्या दादांनी तिथेच दोन-दोन पेढे खाल्ले, बाकीचे मी रांजणगावला आणून वाटले. म्हणजे तुमचे बाकी आहेत. येत्या शुक्रवारी आणते, संध्याकाळी सहाच्या आत. चौकात अडकले तर साडेपाचलाच फोन करीन.

तुमची,
जांभळ्या नकाशावाली