भोक पडलेली गिटार

ऑस्टिन, टेक्सास

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी विचारलं, "ऑफिस काय म्हणतंय?" मी म्हटलं, "ठीक चाललंय." ते खोटं होतं. माझी नोकरी जाऊन दोन महिने झाले. तोंडानं सांगवेना, म्हणून लिहितेय.

सध्या दुपारी चालायला जाते. वाटेत विली नेल्सनचा पुतळा लागतो. कंट्री म्युझिक म्हणजे इकडचं गावाकडचं गाणं. हा ते लिहितो आणि गातोही. बाबा, त्याची गिटार तुम्ही बघायला हवी. १९६९ साली घेतलेली, नायलॉनच्या तारांची, खरं तर नुसत्या बोटांनी वाजवायची. हा पिकनं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीनं, वाजवतो. घासून घासून मूळ भोकाच्या खाली लाकडाला दुसरं भोक पडलंय, तरी नव्वदी ओलांडल्यावरही तो तीच वाजवतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा तडकलेला भोपळा मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही आठवलात.

या माणसानं दारोदार बायबल, ज्ञानकोश, व्हॅक्यूम क्लीनर विकले. एक गाणं ५० डॉलरला विकून टाकलं, ते पुढे दुसऱ्याच्या आवाजात गाजलं. १९६१ साली पॅट्सी क्लाइननं त्याचं 'क्रेझी' गायलं आणि घरोघरी पोचवलं. पण त्याचा स्वतःचा आवाज नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री म्युझिकच्या माहेरघराच्या, साच्यात बसेना. शब्द लयीच्या मागे-पुढे टाकायचा ना. १९७० साली घर जळालं. जळत्या घरातून त्यानं ही गिटार बाहेर काढली आणि पुढे टेक्सासला परत आला. १९७५ साली मोजक्या वाद्यांवर एक रेकॉर्ड केली. कंपनीवाल्यांना ती अर्धवट वाटली. त्याच रेकॉर्डमधलं गाणं गायक म्हणून त्याचं पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं. तेव्हा तो बेचाळीसचा होता. यंदा मीही बेचाळीसची झाले.

पण मला खरं सांगायचंय ते १९९० सालचं. सल्लागारांच्या सांगण्यावरून केलेल्या गुंतवणुकी करखात्यानं मान्य केल्या नाहीत. दंड, व्याज धरून १ कोटी ६७ लाख डॉलरची बाकी निघाली आणि मालमत्तेवर जप्ती आली. गिटार तेवढी मुलीनं आधीच त्याच्याकडे पाठवून वाचवली. दिवाळखोरी जाहीर कर, असं लोक सांगत होते. त्यानं ऐकलं नाही. नुसती गिटार आणि गळा एवढ्यावर गाणी काढली, विक्रीचे पैसे कराकडे वळवले. १९९३ मध्ये तडजोड होऊन हिशेब मिटला.

हे वाचताना मला पतपेढीचं निळं पासबुक दिसत होतं. मित्राला जामीन राहिलात, तो गाव सोडून गेला, आणि सहा वर्षं दर सात तारखेला तुम्ही सायकलवरून हप्ता भरायला जात होतात. आईच्या पाटल्या गेल्या. मी नववीत होते. सहलीला जाता आलं नाही म्हणून आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. आई, तू मला एकदाही रागावली नाहीस. शेवटचा हप्ता भरून बाबा आले, त्या दिवशी तू काही न बोलता शिरा केला होतास. तो कशाचा शिरा होता, ते मला आत्ता कळतंय.

एफडी मोडू नका. माझ्याजवळ सहा महिने पुरतील एवढे पैसे आहेत, ग्रीन कार्ड आहे, आणि दोन ठिकाणी मुलाखती चालू आहेत.

रविवारी फोन करीन. बाबा, "ऑफिस काय म्हणतंय" असंच विचारा. या वेळी खरं सांगीन.

तुमची,
मनू