‘राजा’ हा शब्द राहू द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकशाहीत वाढलेल्या माणसाने देवाला ‘राजा’ म्हणणे ही सरंजामी काळाची सवय आहे, ख्रिस्ती लोकांनी आता मित्र, सोबती असा एखादा साधा शब्द घ्यावा, असे आपल्या एका वाचकाने या सदरात लिहिले होते. पत्र सभ्य होते आणि प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून दोन दिवस विचार करून उत्तर लिहीत आहे.

बायबलमध्ये राजेशाहीचे कौतुक आहे, असा त्यांचा समज दिसतो. इस्राएल लोक शमुवेल या संदेष्ट्याकडे ‘इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे’ म्हणून गेले, तेव्हा त्याने त्यांना काय ऐकवले ते पाहावे. तुमची मुले तो आपल्या रथांपुढे धावायला नेईल, मुलींना स्वयंपाकाला लावील, चांगली शेते आणि जैतुनाचे मळे काढून आपल्या चाकरांना देईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल. देवही शमुवेलाला म्हणतो की, त्यांनी तुला नाही, मला राजा म्हणून नाकारले आहे. म्हणजे देव राजा आहे हे म्हणणे मुळात माणसातल्या राजांना घातलेला लगाम होता. ख्रिस्ताला राजा म्हणणाऱ्या सणाची वेळही पाहावी: पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, त्याच वर्षाच्या आरंभी इटलीत मुसोलिनीने उघडपणे हुकूमशाही हाती घेतली होती.

येशूने पाच हजारांना भाकरी खाऊ घातली तेव्हा लोक त्याला धरून राजा करणार होते. ते ओळखून तो एकटाच डोंगरावर निघून गेला. ज्या रात्री त्याला धरून नेले, त्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. त्याच्या राजेपणाची एकच पाटी लागली, ती क्रूसावर, इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. आमच्यातल्याच लोकांनी पुढे हेच नाव घेऊन तलवारी चालवल्या, मुलूख जिंकले. त्याचे दुःख आहे, आणि ते नाकारणारा ख्रिस्ती माणूस खोटे बोलतो असे मी मानतो. पण तो दोष राजाचा नव्हे; ज्यांनी त्याचे नाव घेतले आणि आज्ञा मात्र आपलीच चालवली, त्यांचा आहे.

दुसऱ्या शतकात, रोमन सत्तेखालच्या स्मुर्णा शहरात (आजच्या तुर्कस्तानात), पॉलिकार्प नावाचे वृद्ध बिशप होते. त्यांना पकडून क्रीडांगणाकडे नेताना एका अधिकाऱ्याने आणि त्याच्या वडिलांनी आपल्या रथात बसवून घेतले. दोघांनी आधी धमकी दिली नाही, समजूतच घातली. ‘कैसर (म्हणजे रोमन सम्राट) प्रभू आहे’ एवढे म्हणायला आणि चिमूटभर धूप जाळायला काय बिघडते? जीव तर वाचेल. ऐकेनात, तेव्हा धमकावून घाईने खाली उतरवले, त्यात त्यांची नडगी खरचटली. म्हातारा तसाच चालत पुढे गेला. ख्रिस्ताला शिव्या दे म्हटल्यावर त्यांनी दिलेले उत्तर आजही आमच्या उपासनेत सांगितले जाते: ८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे कधी वाईट केले नाही, मग ज्याने मला तारले त्या माझ्या राजाची निंदा कशी करू?

मला त्या उत्तरापेक्षा रथातले बोलणे जास्त आठवते, कारण ‘काय बिघडते’ हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. मी आयुष्यभर कचेरीत काम केले. एका वर्षी मुदत संपून तीन दिवस झाल्यावर एक निविदा आली. आवक नोंदवहीत ती आधीच्या तारखेला दाखवा, असे वरिष्ठांनी सांगितले. दोन ओळींच्या मध्ये जागा आहे, बारीक अक्षरात बसेल, कुणाचे काय बिघडते? मी बसवली. त्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘तुझे राज्य येवो’ या ओळीवर माझा आवाज बंद पडला. शेजारचे पुढे गेले, मी तिथेच. राज्य आले तर पहिली वही माझी उघडणार, एवढेच मनात येत होते.

त्या वाचकांना माझे सांगणे आहे ते याच जागेवरून. प्रार्थनेत फक्त सोबती असता, तर तो रविवार मी निभावून नेला असता. सोबती समजून घेतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि येशू तसा सोबती आहेच, ते मी नाकारत नाही. पण सोबत्याची आज्ञा पाळायची नसते. माझे वरिष्ठ आणि माझी नोकरी यांच्याहून वर कुणीतरी आहे, आणि मी त्याचा माणूस आहे, याची जाण त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही शब्दाने मला दिली नसती. निष्ठा हा शब्द आम्ही गाण्यांत फार वापरतो; मला तो नोंदवहीच्या दोन ओळींमधल्या त्या अर्ध्या बोटभर जागेत कळला.

सोमवारी लवकर जाऊन मी ती नोंद लाल शाईने छेदली, बाजूला खरी तारीख लिहिली आणि सही केली. वरिष्ठांनी वही पाहिली, मिटली, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतेच बोलले.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक