पाणंदीची एक कड मातीची राहू द्या – मदतीचे आवाहन

पाणंदीकाठचे शेतकरी, पहाटे फिरायला येणारी मंडळी, सायकलवाले, घोडेवाले आणि पेठेतले तरुण, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

नदीकडे जाणाऱ्या आपल्या पाणंदीचे काम यंदा हाती घ्यायचे ठरले आहे. पाऊस उघडला की सुरुवात करायची आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत पुरे करायचे. त्यासाठी मुरूम हवा, वर्गणी हवी आणि राबणारे हात हवेत. पण पैशाआधी एक मागणे आहे. पाणंद पूर्ण रुंदीने काँक्रीटची करू नये. मधला पट्टा ट्रॅक्टर आणि सायकलींसाठी पक्का व्हावा, आणि नदीच्या अंगाची ४ फुटांची कड मुरूम-मातीचीच राहावी. ती कड घोड्यांसाठी. गुडघे दुखतात म्हणून काँक्रीटवर चालायला नको म्हणणाऱ्या आजी-आजोबांनाही ती सोयीची पडेल.

‘घोड्यांसाठी कशाला एवढे?’ असे बैठकीत काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत, वरातीत, दसऱ्याला आपल्याला घोडा हवाच असतो. ताशा वाजत असतो, फटाके उडत असतात, पोरे अंगाला झोंबत असतात, आणि त्यात घोड्याने शांत उभे राहावे असे आपण धरून चालतो. ही शांतता पागेत बांधून येत नाही. रोज चालून, माणसे, म्हशी, सायकली, ट्रॅक्टर जवळून बघून ती येते. शहरात टांगे गेले, मोकळी माळरानेही प्लॉट पडून गेली. जनावराला चार पावले मोकळी चाल मिळेल अशी जागा म्हणजे आता या पाणंदी. आपल्या भागातली मुले-मुलीही इथेच रिकिबीत पाय ठेवायला शिकतात. त्यांना महागड्या क्लबात पाठवणे सगळ्यांना परवडणारे नाही.

आता काँक्रीटचे. घोड्याच्या खुराच्या तळाला त्रिकोणी मऊ गादी असते. पाऊल टेकले की ती दबते, हादरा जिरवते आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत करते. मातीवर हे सगळे नीट चालते. टणक पृष्ठभागावर रोज दुडकी धरायला लावली तर सांधे आणि खूर बिघडतात. त्यात लोखंडी नाल ओल्या काँक्रीटवर सटकतो. ओढ्यावरच्या मोरीवर गेल्या वर्षी काँक्रीट झाले, तेव्हापासून तिथे काय होते ते एकदा पहाटे येऊन बघा. घोडी मोरीपर्यंत छान चालत येते, मान खाली घालून त्या गुळगुळीत जागेचा वास घेते, फुरफुरते आणि पुढचे पाय रोवून उभीच राहते. मोतद्दार खाली उतरतो, लगाम हातात धरतो, बोलत बोलत तिला एकेक पाऊल पुढे घेतो. पलीकडे माती लागली की तिची मान सुटते. पावसात याच जागी एक तट्टू गुडघ्यावर बसले होते. वर स्वार नव्हता म्हणून निभावले. त्या मोरीवर आडव्या खाचा मारून घेणे हे आपल्या यादीतले पहिले काम आहे.

दुसरे काम पुराचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी गाठायच्या कितीतरी आधी आपली पाणंद पाण्याखाली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कडेचा मुरूम धुपला, बांधाचे दगड निसटले आणि वर जो गाळ बसला त्याचे अजून चिखलपट्टे होतात. म्हणून नुसता मुरूम टाकून भागणार नाही. आधी दोन्ही बाजूंच्या चऱ्या उपसायच्या, पाण्याला वाट द्यायची, मग मुरूम पसरून पाणी मारून रोलर फिरवायचा. घाई केली तर पहिल्याच वळवाला सगळे उसाच्या सरीत जाईल.

तिसरे काम पाण्याचे. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात जास्तच. वडाखाली एक हौद बांधायचा आहे. म्हशींनाही तो उपयोगी पडेल. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या पाइपलाइनमधून पाणी द्यायचे कबूल केले आहे, त्यांचे मनापासून आभार.

आता घोडेवाल्यांना दोन शब्द, कारण सवलत मागायची तर जबाबदारीही घेतली पाहिजे. माणसे दिसली की घोडा चालीवर आणायचा. पाणंदीत भरधाव सोडायचा नाही, शर्यतीची तालीम तर मुळीच नाही. वाटेत पडलेली लीद ज्याच्या घोड्याची त्याने उचलायची. दोन्ही टोकांना खड्डे काढून देणार आहोत. तिथली लीद शेतकऱ्यांनी खताला खुशाल न्यावी.

बाकीच्यांनाही विनंती आहे. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसते, पण शेपटीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. तो मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, वाऱ्याने पाला सळसळतोय, आणि मागून आवाज न करता सायकल आली तर तो उसळणारच. म्हणून सायकलवाल्यांनी लांबूनच बोलावे. ‘मामा, डाव्या अंगानं येतोय’ एवढे पुरे. माणसाचा आवाज ऐकला की घोडा निवांत होतो. अगदी जवळ येऊन वाजवलेल्या घंटीने मात्र दचकतो. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलींना परवानगी मिळाली ती याच अटीवर, की सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपल्याला कायदा नको, एवढी समज पुरेशी आहे. ट्रॅक्टरवाल्या भावांनी घोडा समोर दिसला की गाणी बारीक करावीत आणि हॉर्न टाळावा. कुत्र्यांना पट्ट्यात धरावे.

आणि एक कळकळीचे सांगणे. मायेने का होईना, घोड्याच्या तोंडाशी गूळ, शिळी भाकरी, लाडू धरू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. नको ते पोटात गेले की पोटशूळ उठतो, आणि त्यात धडधाकट जनावर एका रात्रीत जाते. लाड करायचेच असतील तर मालकाला विचारून मानेवर हात फिरवा.

मदत कशी करता येईल? ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी एक-दोन ट्रॉली मुरूम किंवा नुसता ट्रॉलीचा फेरा द्यावा. गवंडी, सेंट्रिंगवाले, फॅब्रिकेशनवाले यांनी हौद आणि पाट्यांसाठी एक दिवस द्यावा. पाट्यांवर मोठ्या अक्षरांत ‘घोड्याला वाट द्या, लांबून आवाज द्या’ एवढेच लिहायचे आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी पाणंदीवरच्या घोड्यांना धनुर्वाताची लस देण्यासाठी एक सकाळ काढली तर मोठे काम होईल. वर्गणी कितीही चालेल, वस्तुरूपानेही चालेल. पावती घेतल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. जमाखर्च दर महिन्याला देवळाच्या फलकावर लावला जाईल, ज्याला शंका असेल त्याने तिथेच विचारावे.

घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता श्रमदानाला सुरुवात आहे. येताना फावडे, पाटी, खोरे, विळा यांपैकी जे असेल ते आणा. चहा-नाश्त्याची सोय वडाखाली केली आहे. त्या दिवशी घोडे पाणंदीत आणले जाणार नाहीत, त्यामुळे लहान मुलांना बरोबर आणायला हरकत नाही.

आपले,
पाणंदीकाठचे शेतकरी, घोडेवाले आणि पहाटे फिरणारी मंडळी
कोल्हापूर