रेल्वेमंत्री, चौकशी सेक्शन इंजिनिअरपाशीच का थांबते?

माननीय रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांस,

सविनय नमस्कार.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर कर्जतहून येणारी आणि कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन फास्ट लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि फूटबोर्डवरची माणसं रुळांवर पडली, काहींचा जीव गेला. रेल्वेने बोट दाखवलं ते प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेकडे. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी दोन इंजिनिअरांवर गुन्हा नोंदवला. रूळ बदलल्यावर वेल्डिंग केलं नाही, हा ठपका. त्याच्या निषेधात ६ नोव्हेंबरला संध्याकाळी रेल्वे कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला लोकल अडवल्या. खोळंबलेली माणसं उतरून रुळांतून चालू लागली आणि सँडहर्स्ट रोडजवळ त्यातल्या दोघांचा जीव गेला.

बॅग झाली, इंजिनिअर झाले. त्याच्या वर कुणी बघायलाच तयार नाही.

बॅगेचा हिशेब मांडून बघा. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद. ब्रॉडगेजच्या जुन्या मापांत शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं किमान अंतर ४.२६५ मीटर. म्हणजे दोन डब्यांमध्ये उरली जेमतेम ६० सेंटिमीटर जागा. त्यात इकडून एक माणूस दांडा धरून लटकलाय, तिकडून एक, दोघांच्या पाठीवरच्या बॅगेत जेवणाचा डबा आणि लॅपटॉप. वळणावर लांब डब्याचं पोट आत सरकतं, टोकं बाहेर येतात, म्हणून तिथे जादा अंतर सोडायचं असतं. शिवाय सांध्यावर दोन रुळांची पातळी जुळली नाही, की डबा आडवा हिसका खातो. दांड्यावरची पकड सुटायला तेवढं पुरतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल पारसिक बोगदा सोडून याच वळणावरून धावू लागल्या. हा निर्णय सेक्शन इंजिनिअरने घेतला नव्हता.

माणसं मेल्यावर तुम्ही दारांची घोषणा केलीत. बिगरएसी गाडीला आपोआप बंद होणारी दारं, दारांना झडपा, छतावरून हवा, डब्याडब्यांत ये-जा. पहिली गाडी नोव्हेंबरमध्ये तयार, जानेवारी २०२६ पासून सेवेत, अशी तारीखही दिलीत. दारं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण दार बंद झाल्याचा सिग्नल मिळेपर्यंत मोटरमनला गाडी हलवता येत नाही, आणि डोंबिवलीला सकाळी आठ वाजता दार बंद होणार कसं? कुणाचा खांदा अडकणार, कुणाची बॅग. सीएसएमटी ते कल्याण स्लो मार्गावर शेवटचं स्टेशन सोडून २५ थांबे. प्रत्येकी १५ सेकंद वाढले तरी एका फेरीला सहा मिनिटांवर उशीर. तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांत तो मागे मागे साचत जातो, म्हणजे फलाटावर गर्दी आणखी वाढते. १५ डब्यांचे रेक, त्यांना पुरतील एवढे लांब फलाट आणि नवी सिग्नल यंत्रणा दारांबरोबरच आली पाहिजे. यातल्या कशाचीही तारीख तुम्ही दारांच्या घोषणेत दिली नाहीत. आम्ही मात्र रोज त्याच फूटबोर्डवर.

आणि हे सगळं बघायचं कुणी? तुमच्याकडे रेल्वे आहे, माहिती व प्रसारण आहे, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानही आहे. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प गेला, आता पूर्णवेळ मंत्रीही गेला. बालासोरच्या रेल्वे अपघातात २०२३ मध्ये २९० हून अधिक माणसं गेली. नवी दिल्ली स्टेशनवर फेब्रुवारी २०२५ मध्ये चेंगराचेंगरीत १८. दोन्ही वेळा मंत्री तुम्हीच होतात.

अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. गैसलच्या अपघातानंतर १९९९ मध्ये नितीशकुमारांनी सोडलं. २०१७ मध्ये लागोपाठ दोन अपघात झाल्यावर आपल्या कोकणातल्या सुरेश प्रभूंनी राजीनामा देऊ केला आणि पुढच्याच महिन्यात रेल्वे दुसऱ्याकडे गेली. यातल्या कुणी स्वतः रूळ उखडले नव्हते. पण वरचा माणूस खुर्ची सोडतो तेव्हा चौकशी खालच्या दोन इंजिनिअरांवर आटोपती घेता येत नाही. कामासाठी मार्ग बंद ठेवायचा ब्लॉक किती तासांचा मिळाला, माणसं किती होती, अर्धं काम ठेवून मार्ग सुरू करायला कुणी सांगितलं, हे कागद बाहेर काढावेच लागतात.

म्हणून रेल्वे खात्याचा राजीनामा द्या. बाकीची दोन खाती ठेवा हवं तर. आणि जाण्याआधी मुंब्र्याच्या त्या वळणाची ब्लॉकची नोंद आणि रूळ बदलल्यापासून अपघातापर्यंतच्या वेगमर्यादेचे आदेश जाहीर करा.

कल्याण-कर्जत-कसारा मार्गावरचा एक पासधारक