ग्लोव्ह बदलायचाय

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पोस्टिंग, आणि काल फोनवर तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई, मला नुसतं पुस्तकातलं येतं गं." पुस्तकातलं येतंय ना, मग निम्मं झालं. बाकीचं फोनवर सांगायला घेतलं की मध्येच तुला कुणीतरी हाक मारतं, म्हणून लिहून पाठवतेय.

आधी माझी एक चूक. आजवर कुणाला सांगितली नाही. मला स्क्रब करायला, म्हणजे हात धुऊन, गाऊन-ग्लोव्ह घालून सर्जनच्या हाताखाली उभं राहायला लागून दुसरंच वर्ष होतं. पोटाची केस, सर्जन घाईत. आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, पुढे करताना माझी करंगळी वरच्या लाइटला निसटती लागली. स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक, कव्हर घातलेल्या हँडलला नव्हे, उघड्या कडेला. कुणी पाहिलं नाही. मी गप्प बसले. पुढचा पाऊण तास करंगळी आखडून काम केलं, जणू ती दुमडली की जंतूही दुमडणार होते! पेशंट टाके काढून ठणठणीत घरी गेला, जखम स्वच्छ. आणि तेच वाईट झालं बघ. पुढच्या वेळी गप्प राहायला मला निमित्त मिळालं. दोनेक महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र तोंडातून निघालं, "सर, माझा ग्लोव्ह अनस्टेराइल झाला, बदलते." सर पुटपुटले. फ्लोअरच्या सिस्टरनं, म्हणजे स्क्रब न करता बाहेरून सामान देणारीनं, नवा ग्लोव्ह उघडला. दीड-दोन मिनिटं गेली असतील.

गंमत म्हणजे हे ग्लोव्ह ओटीत आले तेच मुळी एका सिस्टरच्या हातांसाठी. 1890 च्या सुमाराला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या सिस्टर होत्या. जंतुनाशक म्हणून वापरायच्या पाऱ्याच्या क्षारानं त्यांच्या हातांची सालटं निघायची. सर्जन हॅलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं, ते असो. पेशंटलाही त्याचा फायदा होतो हे नंतर उमगलं.

गाऊन चढवला की आपण अख्ख्या स्टेराइल झालो असं वाटतं. तसं नसतं. समोरून छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या थोड्या वरपर्यंत, एवढंच आपलं. पाठ, खांदे, गळा, काखा हिशेबात धरायच्या नाहीत. म्हणून हाताची घडी घालून काखेत बोटं खुपसायची तुझी लहानपणापासूनची सवय आहे ना, ती आधी मोड. हत्यारांच्या ट्रॉलीचंही तसंच, वरचा पृष्ठभागच स्टेराइल, खाली लोंबणारी चादर नाही. ड्रेप, म्हणजे पेशंटवर अंथरलेलं निर्जंतुक कापड, ओला होऊन आरपार भिजला तर खालचे जंतू ओलीबरोबर वर येतात. तो झाकून टाकायचा किंवा बदलायचा. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आलेला पॅक ओलसर लागला तर परत पाठव, बाहेरच्या टेपवर कितीही छान काळ्या रेघा उमटल्या असल्या तरी. ती टेप पॅक ऑटोक्लेव्हमधून गेला एवढंच सांगते. वाफ आतपर्यंत पोचली का ते दाखवणारी आतली पट्टी बघितल्याशिवाय सेट वापरायला घेऊ नकोस.

काउंटबद्दल जरा जास्त लिहिते. स्क्रबच्या आणि फ्लोअरच्या सिस्टरनं, दोघींनी मिळून, मोठ्यानं, एकेक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, सुटा करून मोजायचा. केस सुरू होण्याआधी, पोट बंद करण्याआधी, कातडी शिवताना. आमच्याकडे एकदा मॉप एक कमी भरला. सर्जन म्हणाले, "मोजण्यात चुकलात, मी बंद करतो." मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "थांबा सर." बादलीतले मॉप पुन्हा जमिनीवर ओळीनं मांडले. दोन मॉप रक्तानं चिकटून एकच दिसत होते. म्हणजे पोटात काही राहिलं नव्हतं, पण हे थांबल्यामुळे कळलं. तिथंही सापडला नसता तर टेबलावरच एक्स-रे. मॉपमध्ये एक्स-रेला दिसणारा धागा घालतात तो त्यासाठीच. आणि केस संपेपर्यंत खोलीतली कचऱ्याची पिशवीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची चेकलिस्ट तुला पाठ असेल, 19 मुद्द्यांची. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. त्यात सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं असतं. पोरं त्याला हसतात. मला तोच मुद्दा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ज्या मुलीनं एकदा स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलंय, तिला तासाभरानं "सर, थांबा" म्हणणं जरा सोपं जातं.

पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नकोस. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं नाव काय, ऑपरेशन कशाचं आहे, कुठल्या बाजूचं?" असं त्याच्याच तोंडून काढून घे आणि हातावरच्या पट्ट्याशी, कागदांशी ताडून बघ. झोपवल्यावर त्याचा हात बाजूला 90 अंशांच्या पुढे ताणू नकोस, खांद्यातल्या नसा दुखावतात आणि भुलीत तो सांगू शकत नाही. कातडीला लावलेलं स्पिरिटचं प्रेप पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी, म्हणजे विजेनं रक्त थांबवायचं हत्यार, लावू द्यायची नाही, पेट घेतं. पांघरूण आहे का बघ, थिएटरमध्ये पेशंट फार लवकर गार पडतो.

नखं काप, अंगठी घरी ठेव, उपाशी जाऊ नकोस. पहिल्या दिवशी गरगरलं तर भिंतीकडे सरक, टेबलाकडे नको.

सोमवारी रात्री फोन कर. केस कुठली होती ते राहू दे, मॉप मोजताना आवाज निघाला का तेवढं सांग.

तुझी,
आई