बाभळीवरची माशी

सोलापूर, रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे तुम्ही दोघी पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायला निघालात तेव्हा मी जागाच होतो. रिक्षा आली, आईने कडी लावली, सगळं ऐकलं. उठलो मात्र नाही. तुझ्या मैत्रिणीला तोंड कसं दाखवावं कळेना. पाहुण्या पोरीदेखत तुला बोललो, तिलाही बोललो, आणि 'नसते शौक' म्हणालो ते तर फारच वाईट झालं. पोचल्याचा फोन तू आईला केलास. बरोबरच आहे. मला फोनवर बोलायला जमत नाही म्हणून लिहितोय. शेततळ्याचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवूनच कागद घेतलाय.

मामांच्या शेततळ्यावर तू मैत्रिणीला तुझं ते फ्लाय फिशिंग, म्हणजे सुतापिसाच्या खोट्या माशीने मासे धरणं, शिकवत होतीस, तेव्हा तुला वाटलं असेल मी लिंबाखाली पेपर वाचत होतो. पेपर नुसता हातात होता. तू तिला आधी पाण्याकडे नेलंच नाहीस, मोकळ्या रानात उभं केलंस आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून दिलास, ते मी बघत होतो. आम्ही कंबर तलावावर जायचो तेव्हा बांबूची काठी, गांडूळ, बुचाचा तुकडा आणि वजनाला शिशाची गोळी. गोळी फेकायची, दोरी तिच्या मागे जायची. तुझं सगळं उलटं. माशीला वजनच नाही, जड असते ती दोरी, आणि दोरीच माशीला घेऊन जाते. हे तू मला गेल्या दिवाळीत सांगितलं होतंस, तेव्हा मी नुसती मान हलवली होती. परवा डोळ्यांनी बघितलं तेव्हा उमगलं.

ती पोरगी घाई करत होती. काठी मागे नेली की लगेच पुढे, आणि दोरीचा गुंता तिच्याच पायाशी. तू म्हणालीस, "थांब, मागची दोरी सरळ होऊ दे, मग पुढे." मला हसू आलं. मागावर नव्या पोराला मी हेच शिकवत आलो. धोटा पलीकडे पोचायच्या आत फणी येऊन आदळली की ताण्याचे धागे एका झटक्यात तुटतात, मग अर्धा दिवस धागे जोडत बसायचं. थांबायचं किती, हे सांगून येत नाही, हाताला कळावं लागतं. तुझ्या हाताला कळलंय. तू एकदा फेकलीस तेव्हा दोरीचा वळसा हवेत उलगडत गेला आणि माशी पाण्यावर टेकली ती तरंगही न उठवता. मामा म्हणाले, "भावजी, पोरगी तुमच्यावर गेली." मी काही बोललो नाही, पण दिवसभर तेच डोक्यात होतं.

तिला पहिली चिलापी लागली, तळहाताएवढी. तू तिला आधी हात ओले करायला लावलेस, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जायला नको म्हणून, आणि गळ काढून मासा सोडून दिला. मामी अजून सगळ्या गल्लीला सांगतेय, "एवढं उन्हात तापून सोडून दिला की गं!" तिने मसाला वाटून ठेवला होता. पुढच्या वेळी तिच्यासाठी एखादा तरी ठेवा.

हे इथेच थांबायला हवं होतं. पण ताई, ते तळं म्हणजे तळं नव्हे. मामांनी २०१६ नंतर योजनेतून घेतलं, तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर शेवाळ धरलंय. माणूस एकदा घसरला की हाताला लागतो तो कागदच, आणि तो धरता येत नाही. दगडी विहिरीला निदान कपारी असतात, तू पाठीला डबा बांधून त्याच कपारींना धरून पोहायला शिकलीस. कागदाला कपारी नाहीत. चांगला पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावर हात मारून मारून थकतो. आणि त्या पोरीला तर पोहताच येत नाही. तिनेच जेवताना हसत सांगितलं, तुला ते आधी ठाऊक होतं का?

माशी मागच्या बाभळीत अडकली, ती सोडवायला पोरगी वळली आणि तिचा पाय कागदावर गेला. गुडघ्यापर्यंतच गेली, तू दंड धरलास, सगळं एका क्षणात मिटलं. तुमच्या लेखी मिटलं. तिच्या पायात गमबूट होते, त्यात पाणी भरलं असतं तर? आणि तू तिच्या मागे उडी मारली असतीस, हे मला माहीत आहे. तुझा स्वभाव बापूचा आहे. बापूचा फोटो देव्हाऱ्याशेजारी का आहे, हे तुला सांगायला नको. आजी त्यानंतर त्या वाटेने कधी गेली नाही.

बघ, लिहायचं नाही म्हटलं तेच लिहितोय. एवढंच शेवटचं सांगतो. कुणी पडलं तर उडी मारायची नाही, आडवं झोपून दोरी टाकायची, काठी पुढे करायची. पण तुझी ती काठी नव्हे, ती मोडेल. तिच्यात कार्बन आहे ना? मग मळ्यावरून गेलेल्या विजेच्या तारेखाली ती उभी धरू नकोस, कार्बनमधून वीज जाते. आणि मैत्रिणीला गॉगल लावायला सांग, मागून येणारा गळ डोळ्यात... जाऊ दे. तू हे सगळं माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. मी उपदेश करायला बसलो की आई आत भांडी आपटते, आत्ताही आपटतेय.

शुक्रवारी सुट्टी टाकून मी मोहोळला गेलो होतो. आईला सांगितलं, मामांचं मोटारीचं काम आहे. जाड नायलॉनची दोरी घेतली, हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि चारही बाजूंना लोखंडी अँगल ठोकून एकेक दोरी पाण्यात सोडली. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून लिंबाला टांगली. मग वाटलं, दोरी धरून खरंच वर येता येतं का ते बघावं. मामा नको नको म्हणत होते. कमरेला दुसरी दोरी बांधून उतरलो. दोनदा घसरलो. पाय टेकतच नाहीत गं, नुसते मागे जातात. तिसऱ्यांदा पाय सोडून दिले, पोटावर सरकलो, एकेक गाठ धरत वर आलो. कोपर सोलवटलंय. एकसष्टाव्या वर्षी मला येता आलं म्हणजे तुम्हाला येईल. आईला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला कोपराचं मागाचा पट्टा लागला असं सांगितलंय.

तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, काका रागावले ते तिच्यावर नव्हे. शेंगा चटणीचा डबा कपाटावरच राहिला, पुढच्या आठवड्यात शेजारचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्यातली अर्धी तिला दे. पुढल्या सुट्टीला दोघी आलात तर चालेल. मी लिंबाखालीच बसेन, पेपर घेऊन.

बाभळीवर अडकलेली माशी मी आकड्याने काढली. गळाचं टोक थोडं वाकलंय, बाकी ठीक आहे. तिचं अंग तू आपल्याच टॉवेलच्या पाइलच्या, वरच्या फासांच्या, लाल सुताचं केलंयस हे तेव्हाच कळलं, आणि पीस मामीच्या कोंबड्याचं. गाठ मात्र सैल होती, ती मी नीट मारून दिलीय. पाकीट जपून फोड, गळ बोटाला लागेल.

तुझे
बाबा